दिवा घालवून द्या

मल्हारी दरेकरला वीट आला होता. गाड्यांचा नव्हे हो, गाड्या बिचाऱ्या काय करतात! वीट आला होता तो गाडीवाल्यांचा. नाशकात, इंदिरानगरच्या बोगद्याजवळ त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. सकाळी नऊला शटर वर गेलं की साडेनवाच्या आत त्याच्या तोंडून पहिलं "शी!" बाहेर पडायचं, आणि पुढे दिवसभर त्याला काही तोटा नसायचा.

आता त्या दिवशीचंच बघा. सकाळी सकाळी एक कोरी करकरीत गाडी दारात. तीन दिवसांपूर्वी घेतलेली, काल वणीच्या गडावर पूजेला नेलेली. मालक तावातावाने उतरला. "मिस्त्री, गाडी बोगस निघाली. पुढची गाडी जवळ आली की आपोआप ब्रेक लावते म्हणाले होते. आता म्हणते, मला दिसतच नाही!"

मल्हारीने समोर जाऊन पाहिलं. आरशामागे काचेच्या आत जो कॅमेरा असतो, बरोबर त्याच्यावर बाहेरून ओल्या कुंकवाचं हे एवढं स्वस्तिक. खाली जाळीत जिथून रडारची नजर बाहेर पडते, तिथे झेंडूचा हार, त्यावर लिंबू, मिरच्या, बिब्बा, सगळा बाजार.

"दिसेल कसं?" मल्हारी म्हणाला. "तुमच्या डोळ्यांत मी कुंकू भरलं तर तुम्हाला दिसेल का?"

"अहो, देवीचं कुंकू आहे ते!"

"देवीनं कपाळावर लावायला सांगितलंय, साहेब. डोळ्यात नाही."

ओल्या फडक्याने काच पुसली, हार दोन वीत वर सरकवला, गाडी शहाणी झाली. मालक मात्र जाताना तोंड वाकडं करूनच गेला. देव पुसला म्हणे! मल्हारी त्याच्या पाठीकडे बघत नुसता थुंकला.

त्याच्यामागे शेखरराव. इंदिरानगरातलेच, निवृत्त, नीटनेटके. त्यांची तक्रार अशी की परवा पावसात कुत्रं आडवं आलं, त्यांनी जोरात ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल थरथरायला लागलं. खडखड, खडखड. "भीतीच वाटली हो. पाय काढून घेतला मी. ती थरथर तेवढी बंद करून द्या."

मल्हारीने कपाळाला हात लावला. शेखररावांना हे तो तिसऱ्यांदा सांगत होता. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. जोरात ब्रेक मारला आणि चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं, की तो सेन्सर आतल्या डब्याला कळवतो, आणि डबा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो. एका सेकंदात दहा-दहा वेळा. चाक फिरत राहिलं तरच स्टेअरिंग ऐकतं. चाक जाम झालं की तुम्ही स्टेअरिंग गरगरा फिरवा, नाहीतर हात जोडून बसा, गाडी सरळच जाणार. "ती थरथर म्हणजे गाडी तुमचा जीव वाचवतेय, शेखरराव! आणि तुम्ही पाय काढून घेता?"

"ते झालं. पण बंद होईल ना?"

यावर मल्हारी काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

आणि हे दोघे तरी बरे म्हणायचे, अडाणीपणाने येतात. तिसरी जात वेगळी. ती सगळं समजून येते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो, एबीएसचा, म्हणजे त्या थरथरणाऱ्या ब्रेकचा म्हणा, एअरबॅगचा म्हणा, आणि हा गृहस्थ अगदी सहज म्हणतो, "मिस्त्री, दिवा घालवून द्या." दोष काढा म्हणत नाही, गाडी दुरुस्त करा म्हणत नाही. दिवा घालवून द्या! गाडी विकायची असते, पासिंगला न्यायची असते, नाहीतर बायको रोज विचारते म्हणून. आणि घालवून देणारेही बसलेत ना नाशकात गल्लोगल्ली! मल्हारीला त्यांची किळस यायची. नुसता राग नाही, किळस. शिळ्या भाजीत अळी दिसल्यावर येते ना, तशी. "दिव्याचा डोळा फोडणारी औलाद," असं तो त्यांना म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाला हात जोडून पुढचा रस्ता दाखवायचा.

हा कडवटपणा त्याच्यात मुरला तो पेट्रोल पंपांवर. मल्हारी मूळचा विंचूरचा. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडला आणि पंपांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. पाठीला हत्यारांची पिशवी, बुडाखाली मोटारसायकल, आणि दिंडोरीपासून येवल्यापर्यंतचे पंप. मशीन उघडलं की त्याला देवघर उघडल्यासारखं वाटायचं. पेट्रोल आतून वाहतं तशी एक चकती फिरते, चकती फिरते तसे विजेचे ठोके पडतात, आणि ते ठोके मोजून समोर आकडा उमटतो. माणूस आकडा बघतो, पेट्रोल कुणीच बघत नाही. म्हणून तर वजनमापवाला साहेब येऊन पाच लिटरच्या मापात तेल मोजून घ्यायचा, बरोबर भरलं की तारेत शिशाचा मणी ओवून चिमट्याने दाबायचा. झालं सील. त्या मण्यावरचा एवढासा शिक्का म्हणजे कुणीतरी जबाबदारी घेतल्याची खूण. मल्हारीला त्या मण्याचं फार कौतुक.

मग एका पंपमालकाने त्याला चहा पाजून विचारलं, सील न तुटता आत आकडा फुगवणारी एक चिप बसवता येईल का. मल्हारीने अर्धा चहा तिथंच ठेवला, ठेकेदाराला किल्ल्या दिल्या आणि नोकरी सोडली. खरी गोष्ट आहे ही. पुढची बावीस वर्षं ती त्याने इतक्या वेळा सांगितली की शेजारच्या पंक्चरवाल्याला ती पाठ झाली होती. "आपण सील तोडलं नाही," हे वाक्य आलं की पंक्चरवाला मागच्या मागे तोंड हलवून दाखवायचा.

पंप सुटले, पण मणी सुटला नाही. गाड्यांच्या वायरिंगला सील कोण लावतो? कुणीही यावं, कापावं, जोडावं, चिकटपट्टी गुंडाळून नामानिराळं व्हावं. मल्हारीला ते खपेना. त्याने स्वतःची रीत काढली. वायरला जोड दिला की तो त्यावर बारीक तांब्याची तार तीन वेढे घालायचा, त्यावर शिसं कथलाचा एक थेंब सोडायचा, आणि थेंब गरम असतानाच आपल्या पकडीने दाबायचा. त्या पकडीच्या जबड्यात त्याने कानशीने 'म' कोरला होता, उलटा, म्हणजे थेंबावर सुलटा उमटेल. मग वरून पट्टी. बाहेरून काही दिसायचं नाही. पण उद्या कुणी उघडलं तर कळावं, हे काम कुणाचं. "चोराला नाव झाकायचं असतं," तो म्हणायचा. "आपल्याला काय भीती?"

तर शेखरराव फणकारून गेले आणि दुपारी ललित भोये आला.

पांढरी सात सीटर, जुनी, पुढचा बंपर नवा, एका बाजूचा दिवा दुसऱ्याच गाडीचा बसवलेला. ललित पेठकडचा, तिशीतला, अंगाने किडकिडीत. हंगामात आपल्या पाड्यावरच्या बायांना वणी-दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला न्यायचा-आणायचा. मधल्या सीटवर त्याची आई, वत्सलाबाई, उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, सीटवर आडवा ठेवलेला. नाशकात डॉक्टरला दाखवून ते दोघं परत निघाले होते.

"मिस्त्री, गाडी विकायची हाय," ललित म्हणाला. "घेणाऱ्याशी खोटं नको बोलायला. एकदा तपासून सांगा, गाडी ठीक हाय ना?"

"गाडी विकून काय करणार?"

"बघू. विंचूरला कांद्याच्या चाळीवर काम मिळतंय." तो खाली बघत होता. "ड्रायव्हिंग आपलं काम नाय. कळलं आता."

मल्हारीला हे ऐकून बरं वाटलं. हयातीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, घेणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. त्याने खुर्ची दिली, वत्सलाबाईंना गाडीतच चहा पाठवला. "मावशी, पायाला काय झालं?"

ललितच बोलला. महिन्यापूर्वीची गोष्ट. सावळघाटात उतार, रस्ता ओला, गाडीत सहा बाया आणि पुढे आई. वळणावर बैल आडवा आला. ललितने ब्रेक मारला, स्टेअरिंग फिरवलं. "पण गाडी वळलीच नाय. मी फिरवतोय, फिरवतोय, गाडी आपली सरळ. कठड्याला जाऊन धडकली. कठडा नसता तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "बायांना खरचटलं. आईच्या गुडघ्याचा चुरा झाला. आता पाड्यावरची एक बाई माझ्या गाडीत बसत नाय. म्हणतात, ललितला घाटात झोप लागली व्हती. नाय लागली, मिस्त्री. पण हात चुकला असंल. पाय चुकला असंल. दुसरं काय?"

"ब्रेक मारला तेव्हा पेडल थरथरलं का?"

"नाय. दगडासारखं कडक."

मल्हारीच्या भुवया वर गेल्या. "एबीएसचा दिवा लागत होता का? पिवळा?"

"कधीच नाय! मी रोज बघायचो. चावी फिरवली की सगळे दिवे लागायचे, गाडी चालू झाली की सगळे विझायचे, पुस्तकात लिहिलंय तसे. म्हणून तर म्हणतो. गाडी सांगत व्हती, मी ठीक हाय. म्हणजे चूक माझीच ना?"

मल्हारीने स्कॅनर लावला. मिनिटभरात पडद्यावर ओळ उमटली. मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर मेलेला, एबीएस बंद. आणि हा दोष आजचा नव्हता. शेजारी नोंदलेले किलोमीटर सांगत होते, धडकेच्या फार फार आधीपासूनचा होता. मल्हारीने डॅशबोर्डकडे पाहिलं. गाडी चालू होती आणि पिवळा दिवा विझलेला होता. डबा ओरडतोय की मी मेलोय, आणि दिवा म्हणतो सगळं आलबेल!

त्याला लगेच कळलं. ही दिवा घालवणाऱ्यांची जुनी कारागिरी. नुसता बल्ब काढला तर पासिंगला पकडलं जातं, कारण चावी फिरवल्यावर दिवा एकदा लागायलाच हवा. म्हणून हे महाभाग त्याची वायर जागेवरून कापतात आणि शेजारच्या ऑइलच्या दिव्याच्या वायरीला जोडतात. मग तो ऑइलच्या दिव्याबरोबर लागतो आणि त्याच्याबरोबर विझतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय निरोगी गाडी आहे!

"कुणीतरी तुला फसवलंय," मल्हारी म्हणाला. त्याचे कान तापले होते. स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, टॉर्च तोंडात धरला, मुंडी आत घातली आणि मीटरमागचा वायरींचा जुडगा ओढला. टॉर्च हातात घेतला तसं तोंड मोकळं झालं.

"हलकट! कोण तो नालायक? बायामाणसं बसतात गाडीत, घाटातून जाते गाडी, आणि ह्याने दिव्याचा डोळा फोडून ठेवलाय! असल्याचे हात झडले पाहिजेत. मावशी, तुमचा गुडघा बैलाने नाही फोडला, ह्या भडव्याने फोडलाय. माणूस नाही तो. गटारातला किडा बरा, तो निदान कुणाला सांगत नाही की मी मिस्त्री आहे! समोर आला ना, तर..."

आतून पट्टी सोलल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि मल्हारीचं बोलणंही थांबलं.

पट्टीखाली बारीक तांब्याची तार होती. तीन वेढे. त्यावर कथलाचा थेंब. थेंबावर 'म'.

आता मल्हारीचं काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा. मुंडी डॅशबोर्डखाली, पाय बाहेर, आणि दोन वर्षांपूर्वीचा एक शनिवार त्याच्या डोळ्यांपुढे उभा. धनराज, जुन्या गाड्या विकणारा, आयटीआयमधला सोबती. "गाडी सोमवारी दाखवायचीय रे, सेन्सर यायला आठ दिवस लागतील. तात्पुरतं कर, सेन्सर आला की मी आणतोच गाडी परत." मल्हारीने त्याला दोनदा हाकललं होतं. तिसऱ्यांदा तो संध्याकाळी आला, आणि मल्हारी कंटाळला होता. बस्स, एवढंच. दिवसभर लोकांना शिकवून शिकवून तोंड दुखत होतं. भूक लागली होती. गरज म्हणावी तर ती नव्हती, भीती म्हणावी तर तीही नाही. मरू दे म्हणाला आणि दहा मिनिटांत जोड देऊन मोकळा झाला. हातांनी आपल्या सवयीने तार गुंडाळली, थेंब सोडला, पकडीने दाबला. गाडी परत आली नाही. त्यानेही विचारलं नाही. आठवणसुद्धा राहिली नव्हती त्याला, इतकं ते सहज झालं होतं.

आयुष्यभर ज्यांना पाहून थुंकला, त्यांच्यातला एक इथंच, ह्या अंगात राहत होता आणि त्याला पत्ता नव्हता! वर पुन्हा सही करून!

चिमूटभर जोड. मुठीत घ्यायचा, खिशात टाकायचा, बाहेर येऊन म्हणायचं, कुणीतरी केलंय बुवा. कोण बघणार होतं? हात तिकडे गेलाही.

"कोण हो तो, मिस्त्री?" ललितचा आवाज आला. "ओळखता का तुम्ही? कारण गाडी घेताना विकणारा शेठ म्हणाला व्हता, काळजी करू नको, इंदिरानगरच्या मल्हारी मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी हाय. म्हणून तर डोळे मिटून घेतली. म्हणून तर आज तुमच्याकडे आलो. म्हणलं, तो माणूस खोटं बोलत नाय."

मल्हारीने हात मागे घेतला. मग बाहेर आला, धुळीने भरलेला. जोड कापला नव्हता. वायर बाहेर ओढून त्याने तो टॉर्चच्या उजेडात ललितपुढे धरला.

"ह्या थेंबावर काय दिसतं?"

"म हाय."

मल्हारीने पकड पुढे केली, जबडा उघडून दाखवला. ललितने पकडीकडे पाहिलं, थेंबाकडे पाहिलं, मल्हारीकडे पाहिलं. त्याला काही समजेना.

"मी केलंय हे," मल्हारी म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. ह्याच हातांनी."

शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत होता, तो तसाच राहिला. ललित खुर्चीवर बसला, पुन्हा उठला. मल्हारीला वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं. पण ललितने एवढंच विचारलं.

"म्हणजे मी ब्रेक बरोबर मारला व्हता?"

"बरोबर मारला होतास. स्टेअरिंगही बरोबर फिरवलंस. चाकं जाम झाली होती, त्यांनी कुणाचंच ऐकलं नसतं. तुझ्या जागी मी असतो तरी गाडी कठड्यावरच गेली असती. पाड्यावर येऊन सांगतो मी. म्हणशील तिथं, म्हणशील त्यांच्यासमोर. तुझा हात चुकला नाही, ललित. माझा चुकला."

ललित गाडीच्या दाराशी गेला. "आये," म्हणाला, "ऐकलं का?" दाराच्या कडेला डोकं टेकवून तो उभा राहिला. वत्सलाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग हातातला अर्धा चहा, तो मल्हारीचा चहा, त्यांनी दाराबाहेर ओतून दिला आणि रिकामा पेला सीटवर पालथा ठेवला.

"मिस्तरी, हिकडं ये," त्या म्हणाल्या. आल्यापासून पहिलंच वाक्य.

मल्हारी जवळ गेला.

"मघाशी तू शिव्या देत व्हतास. माझ्या गुडघ्यासाठी देत व्हतास. मधीच थांबलास का?"

"मावशी..."

"नाय, दे ना. तो कोण हाय त्ये तुला ठावं नव्हतं तवा लय जोरात व्हतं. आता ठावं झालं. दे. आमी ऐकतोय."

मल्हारीने पंक्चरवाल्याकडे पाहिलं. पंक्चरवाल्याने मान खाली घातली.

"हलकट," मल्हारी म्हणाला.

"पुढं," वत्सलाबाई म्हणाल्या.

"नालायक. हात... हात झडले पाहिजेत असल्याचे." त्याला सगळ्या शिव्या क्रमाने आठवत होत्या, मघाशी दिल्या तशा. त्याने एकही गाळली नाही. गटारातल्या किड्यापर्यंत आला तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की वत्सलाबाई म्हणाल्या, "ऐकू नाय आलं." त्याने ते पुन्हा म्हटलं.

"आता तो दिवा लाव," त्या म्हणाल्या.

मल्हारी पुन्हा डॅशबोर्डखाली गेला. थेंबाच्या मागून वायर कापली आणि तिच्या मूळ जागेवर नेऊन जोडली. ललितने चावी फिरवली. सगळे दिवे लागले. गाडी चालू झाली, सगळे विझले. पिवळा तेवढा राहिला.

वत्सलाबाई दोन सीटांमधून वाकून त्याच्याकडे बघत होत्या.

"हा लागला असता," त्या म्हणाल्या, "तर माझ्या ल्योकानं गाडी हलवली नसती."